हातगुण

"टॅमसिनमावशीचा हात लागला, तरी थांबायचं नाही," मुलीच्या टोपीची नाडी आवळत केझिया म्हणाली. "किंचाळत राहायचं."

"ते खोटं होईल," जेमायमा म्हणाली. ती नऊ वर्षांची होती, आणि खोटं बोलणारे मेल्यावर कुठे जातात, तिथे त्यांचं काय होतं, हे तिला दर रविवारी तपशीलवार सांगितलं जाई.

"खोटं कसलं? नाहीतरी किंचाळतेसच. आज जरा जास्त वेळ."

"आणि झटका आलाच नाही तर?"

"लोक जमले की येतो की नेहमी."



झटके आधी गिरणीवाल्याच्या मुलीला सुरू झाले. तेव्हापासून तिला पाणी भरावं लागत नव्हतं की सूत कातावं लागत नव्हतं. गाव कर्मठ पंथाचं; नाचायला बंदी होती, नाटकाला बंदी होती, नाताळालाही बंदी होती. उत्तरेला लढाई पेटली होती, केझियाचा नवरा तिथल्या किल्ल्यावर होता, आणि बर्फामुळे तिकडची खबर नव्हती. अशा हिवाळ्यात एखादी मुलगी जमिनीवर पडून हातपाय झाडू लागली की सगळं गाव गोळा होई. जेमायमाभोवती त्याआधी कधी कुणी गोळा झालं नव्हतं.

पण ती सोंग करत होती असंही नाही. "सुरू होतं ते मला कळतं, आई," ती एकदा म्हणाली होती. "थांबवायचं कसं ते कळत नाही."

टॅमसिनचं नावही तिने घेतलेलं नव्हतं. चेटूक करणारी कोण ते शोधायला पाद्री लूम खाटेशी बसून गावातल्या बायकांची नावं एकेक करून विचारत गेले. ही छळते का? मग ही? दुपार कलली. टॅमसिन पेलचं नाव आलं तेव्हा पोरीला डुलकी लागली आणि मान खाली गेली. पाद्रीसाहेबांनी तो होकार धरला.

टॅमसिन शेजारीण. केझिया बाळंतीण असताना तिची चूल हिनेच सांभाळली होती.

खटला प्रार्थनाघरातच होता, कारण बाकं तिथेच होती. दाराशी टॅमसिनला बेड्या घालून उभं केलं होतं. केझियाला पाहून ती म्हणाली, "माझ्या गाईची धार कोण काढतंय?"

"मी."

"लाथ मारते, जपून. त्या पाद्र्याला पाठव एकदा काढायला."

"टॅमसिन, गप्प बस गं."

"गप्प बसून काय होणार आहे? पोर गप्प बसली तर मी मेले. नाही बसली तर तिचा घसा मेला. डोकी आहेत बाई एकेकाची!"

केझियाने तिच्याकडे न बघता म्हटलं, "नाही बसणार ती गप्प."

टॅमसिनचा चेहरा बदलला. 

न्यायाधीश थर्लो यांना बोस्टनला परतायचं होतं, म्हणून त्यांनी थेट परीक्षेलाच हात घातला. परीक्षा सोपी होती. चेटकिणीने सोडलेलं विष तिच्या स्पर्शाने तिच्यात परत जातं आणि छळ झालेलं माणूस तत्काळ शांत होतं, असं विद्वानांचं मत होतं. गेल्या आठवड्यात म्हाताऱ्या जोन कटरचा थंडगार हात मानेवर पडताच गिरणीवाल्याची मुलगी दचकून गप्प झाली होती. जोनला फाशी ठरली. विद्वानांचं मत आणखी पक्कं झालं.

जेमायमाने भरलेली बाकं पाहिली आणि ती कोसळली. तिची किंकाळी अशी होती की मागच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायला लागलं. केझियाने पुढचं बाक घट्ट धरून ठेवलं.

टॅमसिनच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. शिपायाने तिचा हात धरून मुलीच्या कपाळावर ठेवला.

जेमायमा किंचाळत राहिली.

"दुसरा हात," पाद्री लूम म्हणाले.

दुसरा हात ठेवला. ती किंचाळत राहिली.

"नीट दाबून ठेवा!"

"आता काय डोक्यावर बसू तिच्या?" टॅमसिन म्हणाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

न्यायाधीशांनी हात वर केला. "पुरे. परीक्षा ती परीक्षा. ही बाई निर्दोष आहे. बेड्या काढा."

टॅमसिन खाली बसली ती बसलीच. फडकं सोडायचंही तिला सुचेना. केझियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतकं खोटं आपल्याला जमेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि देव आपल्याला याबद्दल काय करील याची तिला त्या क्षणी पर्वा नव्हती.

"मग कोण?" पाद्री लूम यांनी विचारलं.

प्रार्थनाघरात एकदम शांतता झाली, म्हणजे जेमायमाच्या किंचाळण्याखेरीज. लोकांनी हळूहळू हात काखेत घातले. थंडी होतीच.

जेमायमा थांबेना. आवाज फाटला, मग नुसती घरघर येऊ लागली. टाचा फळ्यांवर आपटत होत्या. ओठ निळे पडले. ती आईला शोधत होती, पण डोळे ठरत नव्हते. हे आता आपण सांगितलेलं नाही, हे केझियाला कळलं.

"अहो, मरेल ती!" ती ओरडली. कुणी हललं नाही.

केझिया बाक ओलांडून धावली. शिपायाला कोपराने बाजूला सारून तिने पोरीला उचललं, छातीशी धरलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "झालं गं माझ्या बाळा, झालं. आई आहे ना."

जेमायमाने एक हुंदका दिला, आईच्या मानेत तोंड खुपसलं, आणि ती शांत झाली.