पक्का जिना
जगप्रवासासाठी घर विकून आम्ही नवराबायको शिडाच्या होडीत राहायला गेलो, तेव्हा ती जमिनीवर टेकू लावून उभी होती. आधी वादळांमुळे मुहूर्त हुकला, मग महामारीत बंदरंच बंद झाली. तीन वर्षांत आमचा प्रवास होडीची शिडी चढण्या-उतरण्यापुरता उरला. आज बंदरं उघडल्याचं कळलं. वाराही छान होता. मी शीड उन्हात पसरलं, खाली वाकून ह्यांना विचारलं, "अहो, शिडाचं काय करायचं?" "शिडीचं ना?" हे गुडघा चोळत म्हणाले. "सुताराला बोलावलंय. आता पक्का जिनाच करून घेऊ." सुतार आलाच. मापं घेता-घेता म्हणाला, "काकू, कठडा एका बाजूला की दोन्ही?" 'शिडी नाही, शीड,' म्हणायला मी तोंड उघडलं. पण ह्यांची नजर शिडावरच खिळली होती. ह्यांनी बरोबर ऐकलं होतं. "दोन्ही," मी म्हटलं आणि शिडाची घडी घातली.