दोघांत एक तिकीट

थिएटर घरासमोरच, आणि सिनेमाचं वेड नवरा-बायको दोघांनाही. पण अंथरुणाला खिळलेल्या मुलाला एकटं सोडता येत नसे, म्हणून दुपारच्या खेळाचं तिकीट एकच निघायचं. मध्यंतर झालं की नवरा धावत घरी यायचा, दारातच तिकीट बायकोच्या हातात कोंबायचा. "पळ, सुरू होईल!"

खेळ सुटला की मुलाच्या खाटेशी भांडण जुंपायचं.

"तो वकील एक नंबरचा लबाड आहे."

"अहो, शेवटी तोच तर सगळं स्वतःच्या अंगावर घेतो!"

"मग सुरुवातीला असा का वागतो?"

"मला काय विचारता? सुरुवात मी कुठे पाहिलीय?"

मुलगा हसून हसून बेजार व्हायचा. अख्खा सिनेमा तेवढा त्यालाच मिळायचा, आणि कुणाचं खरं, हा निकालही तोच द्यायचा.

आज दोन महिन्यांनी ते आले आणि पहिल्यांदाच दोन तिकिटं काढली. "आज दोघं एकदम?" डोअरकीपरने हसत विचारलं. दोघंही मान खाली घालून आत शिरले. आत तिला सुरुवात काही केल्या कळेना. सारखं लक्ष नवऱ्याकडेच जात होतं.

मध्यंतराचे दिवे लागले. तो ताडकन उठला, तिकीट तिच्या हातात कोंबलं, "पळ, सुरू होईल" म्हणाला आणि घाईघाईने जिन्याकडे निघाला.

तिने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. जिना उतरेपर्यंत तरी पोरगं घरी वाट बघतंय, असं वाटू दे त्याला.