उष्टं

"घरात आणखी लहान मूल आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईनं मांडीवरच्या बाळाचं दुपटं सारखं केलं. बाळाचे डोळेसुद्धा पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं आणि शी खडूसारखी पांढरी. कावीळ सगळ्याच पोरांना होते, कोवळं ऊन दाखवा, असं सासूबाई म्हणत राहिल्या आणि घर ऊन दाखवत राहिलं. आता यकृत कडक झालं होतं.

"थोरली आहे, चार वर्षांची," बाप म्हणाला. "बाहेर बसलीय."

सासूबाईंनीच तिला बाहेर बसवलं होतं. ती जन्मली त्याच आठवड्यात तिचे आजोबा गेले. तेव्हापासून ती पांढऱ्या पायाची. दूध उतू गेलं तरी तिच्यामुळे, नळाचं पाणी गेलं तरी तिच्यामुळेच. एवढ्याशा जिवाला इतके उद्योग जमतात हे त्या घरातच कळावं!

"बाळाला पोटात असतानाच विषाणूचा संसर्ग झाला असावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृत त्यामुळेच बिघडलं असेल, पण खात्रीनं नाही सांगता येत. असा एक विषाणू लहान मुलांच्या थुंकीतून येतो. मुलाला काही होत नाही, मोठ्यांना जरा कणकण येते. दोष कुणाचाच नसतो यात. दिवस असताना थोरलीचं उष्टं खायचात का तुम्ही?"

दोष नसतो हे कुणाला ऐकूच गेलं नाही. सासूबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं, बाहेरच्या बाकाच्या दिशेनं. आईनं ती नजर ओळखली.

"छे! मी कुणाचं उष्टं खात नाही," ती म्हणाली. "पाळणाघरात कामाला आहे मी. दिवसभर पोरांची नाकं पुसते. तिथूनच आणलं असणार मी."

"तरी घसा फोडून सांगत होते, सोड ती नोकरी!" सासूबाई कडाडल्या. "पोटच्या पोराला खाल्लंस गं बये!"

बापानं आपली खुर्ची तिच्यापासून जरा लांब सरकवली. ते जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. आजच न्या, म्हणाल्या. बाळ वाचेल का, असं बापानं विचारलं तेव्हा त्या नुसत्या चिठ्ठीची घडी घालत राहिल्या.

आई बाळाला छातीशी धरून आधी बाहेर आली. थोरली बाकावरून उतरली. तिच्या मुठीत दातांच्या खुणा असलेलं, ओलं झालेलं अर्धं बिस्कीट होतं.

"आई, हे तुझं," ती म्हणाली. "मी आधी चावलंय. म्हणजे तुला उलटी नाही होणार, बाळ पोटात होतं तेव्हासारखी."

मागे सासूबाईंच्या चपला वाजल्या. त्या दारात यायच्या आत आईनं ते बिस्कीट तोंडात टाकलं आणि न चावता गिळलं.