खिडकीखालचं कारंजं

बाबा रात्रभर बेकरीच्या भट्टीपुढे उभे राहायचे आणि दुपारी झोपायचे. आणि लेकीने उन्हावर चालणारं आपलं इवलंसं कारंजं मांडलं होतं ते नेमकं त्यांच्याच खिडकीखाली! बागेत ऊन तेवढ्याच कोपऱ्यात यायचं, ती तरी काय करणार? पण बाबांची झोप मोडायला नको, म्हणून शाळेतून आली की ती मांजरीच्या पावलांनी जायची आणि सोलर पॅनेलवर टॉवेल टाकायची. कारंजं गप्प.

की लगेच बाबा दारात हजर! डोळे अर्धवट मिटलेले, केस उभे. आभाळाकडे बघायचे, डोकं खाजवायचे आणि जांभई देत परत आत.

रोज हेच. शेवटी तिने तोंड पाडून कारंजं उचललं.

"बाबा, टॉवेल टाकून बंद केलं तरी तू उठतोसच. तुझ्या झोपेचं पार खोबरं केलं मी. देऊन टाकते मैत्रिणीला."

"म्हणजे ते तू बंद करतेस होय! ठेव, ठेव खाली. अगं, ते खळखळतंय तोवर तर मी ढाराढूर असतो. थांबलं की वाटतं, आभाळ भरून आलं. धावत येतो तर बाहेर लख्ख ऊन!"

"मग पडू दे की पाऊस. तू कशाला धावतोस?"

"वा गं शहाणे! सकाळी धुऊन टाकलेला तुझा दुसरा गणवेश दोरीवर असतो ना. उद्या ओलाच घालून जाशील?"