कथलाचा पाळणा

तिसऱ्या आयव्हीएफनंतरही कूस रितीच राहिली, तेव्हा ऊर्मिला म्हणाली, "पुरे आता, हृषी. एकतीस डिसेंबरला कथलात पाळणा निघाला, तरच शेवटचा प्रयत्न." वर्ष सरताना वितळलेलं कथील पाण्यात ओतायचं नि उमटेल त्या आकारात पुढचं वर्ष वाचायचं, ही तिकडची जर्मन रीत. डार्मश्टाटच्या त्यांच्या घरात मात्र दरवर्षी नुसत्या गाठीच निघायच्या.

त्या दिवसापासून हृषिकेशला ओतकामाचा छंद लागला. केलरमध्ये, म्हणजे तळघरात बसून तो प्लास्टरच्या साच्याचे दोन अर्धे जुळवी, कथील ओती. कधी पाळण्याचा कठडा मोडे, कधी दांडी भरतच नसे. भाजल्या बोटांनी तो पुन्हा कथील वितळवी. "केलरमध्येच संसार थाटलास की काय?" ऊर्मिला वरून विचारी.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी तिने पळीभर कथील पाण्यात ओतलं. त्याने घाईने हात घालून मुठीत लपवलेला पाळणा बाहेर काढला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. साच्याच्या जोडाची सरळ रेघ घासायची राहूनच गेली होती.



ऊर्मिलाने त्या रेघेवर हळूच अंगठा ठेवला नि म्हणाली, "पाळणाच आहे रे. क्लिनिकचा जानेवारीतला टर्मिन घे."