रुपेशच्या बदल्यात शब्बीर

"रुपेशला सोडला, तिथेच मनामाने माती खाल्ली," विवेक म्हणाला. "तीन वर्षं झाली, मला अजून पटत नाही."

नीलम प्रेक्षकांत त्याच्या पुढच्याच बाकावर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचं लक्ष हॉलच्या दाराकडे होतं.

शुक्रवारची दुपार कलली होती. बहरीनमधल्या भारतीयांच्या बास्केटबॉल स्पर्धेची फायनल होती, मनामा विरुद्ध हमद टाउन. मनामाचे खेळाडू केव्हाचे तयार होते. हमद टाउनचे चारच जण उगाच बॉल आपटत फिरत होते. त्यांचे दोघे रजेवर गावी गेलेले. पाचवा, नीलमचा नवरा रुपेश, अजून आला नव्हता. जिदहफ्सच्या एका इमारतीतलं एसीचं काम उरकून तो परस्पर येणार होता. आणि तिकडे सरकारविरोधी निदर्शनांत सकाळपासून टायर जळत होते, रस्ते बंद झाले होते.

"माती काय खाल्ली?" विवेकशेजारचा प्रज्योत उसळला. "बदल्यात शब्बीर मिळाला ना! रिबाउंड कोण घेतं? समोरच्याचा मेन माणूस कोण अडवतं?"

"बास्केट कोण करतं ते बोल. रुपेश तिकडे गेला आणि मागोमाग दोन कप गेले."

"आणि त्याचा गुडघा? फार तर अजून एक सीझन. माल जुना व्हायच्या आत काढला आपण. शब्बीर अजून पाच वर्षं खेळेल."

त्याच गुडघ्याला नीलमने काल शेक दिला होता. मोबाइल तेव्हा कोणाकडेच नव्हता. ती उठली, हॉलच्या ऑफिसात गेली आणि रुपेशच्या कंपनीला पुन्हा फोन लावला. पलीकडचा माणूस या वेळी वैतागला. "बोला ना, वो कब का निकल गया."

ती परत आली तेव्हा रेफरी केशवराव हमद टाउनच्या पोरांना सांगत होते, "पाच जण नसतील तर सामना मनामाला द्यावा लागेल मला. थांबतो थोडं. पण किती थांबू?"

मागे वाद तसाच चालला होता. आता विवेक बोटांवर रुपेशचे पॉइंट मोजत होता. नीलम वळली.

"तुमच्यापैकी कोणाकडे गाडी आहे का? रुपेश माझे मिस्टर आहेत."

विवेकची बोटं हवेतच राहिली. प्रज्योत बुटांकडे बघू लागला.

"येतील हो, वहिनी," विवेक शेवटी म्हणाला. "आत्ता तिकडे कसं जाणार? पोलीस परत पाठवताहेत सगळ्यांना."

कोर्टाच्या कडेला एक उंच माणूस लेस बांधत बसला होता. मनामाचा शब्बीर, महाडचा. नीलमशी तो आजवर एक शब्द बोलला नव्हता. त्याने हातातली लेस तशीच घाईने गुंडाळून खोचली, बॅगेतून गाडीची किल्ली काढली.

"चला, वहिनी."

"शब्बीर!" विवेक उभाच राहिला. "अरे, तू नुसता बसून राहिलास तरी कप आपला आहे!"

"मग बसा ना तुम्ही," शब्बीर म्हणाला.

जिदहफ्सच्या अलीकडेच गाड्या मागे वळत होत्या. घरांच्या वर काळा धूर लोंबत होता. शब्बीरने काच खाली करून मोडक्या अरबीत काही सांगितलं, मागे बसलेल्या नीलमकडे हात केला. पोलिसाने आत वाकूनही पाहिलं नाही. "मफी, मफी! यल्ला!" रस्ता नाही, निघा, म्हणत त्याने गाडीच्या टपावर थाप मारली.

शब्बीरने गाडी वळवली आणि खजुरीच्या बागांकडेच्या कच्च्या रस्त्याला घातली.

"ह्यांना तर एवढंही अरबी येत नाही," नीलम म्हणाली.

तिसऱ्या बागेच्या भिंतीशी रुपेश दिसला. निळा युनिफॉर्म, खांद्याला बॅग, एक पाय ओढत एकटाच चाललेला. गाडी थांबायच्या आत नीलमने दार उघडलं. त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला एवढंच सुचलं, "आधी पाणी प्या."

तो घटाघटा प्यायला. कंपनीची व्हॅन अडकली होती. पोलिसांनी सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं होतं, सोडलं ते चालत जा म्हणून. सांगता सांगता त्याने गाडीत डोकावलं.

"तू? तुझी मॅच नाही का बे?"

"बस आधी," शब्बीर म्हणाला.

हॉलपाशी गाडी थांबली तेव्हा मनामाचे खेळाडू बाहेर पायऱ्यांवर होते. कप या हातातून त्या हातात फिरत होता. केशवरावांनी थांबायचं तेवढं थांबून पाहिलं होतं. हमद टाउनचे चौघे बॅगा घेऊन निघाले होते. रुपेश दिसताच त्यांच्यातला एक पळत आला, काचेवर टकटक करून, ठीक आहेस ना, असं खुणेनेच विचारून गेला.

"शब्बीर, ये लवकर! फोटो काढायचाय!" कोणीतरी ओरडलं.

शब्बीरने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"खरं सांगू?" मागून रुपेश म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो ना, तर आलो नसतो. बसून राहिलो असतो."

शब्बीरने किल्ली काढून खिशात टाकली.

"आपण काय केलं असतं, ते असं गाडीत बसून नाही कळत रे," तो म्हणाला, आणि उतरून पायऱ्यांकडे गेला.

रुपेशने नीलमकडे पाहिलं. बागेपासून तिने त्याची बाही धरली होती. ती तिने सोडली नाही. पण ती बघत होती पायऱ्यांकडे जाणाऱ्या शब्बीरकडे.