पहिला हात दादाचा

एकोणीसशे सत्त्याण्णव साली, दुकानामागच्या खोलीत बसून धाकटीने गेमच्या एका धडधाकट कंट्रोलरचा जीव घेतला. कंट्रोलर तिच्या दादाचाच होता. स्क्रू काढले, कवच बाजूला ठेवलं, आतल्या हिरव्या पट्टीवरचा काळा लेप ब्लेडने खरवडून तांबं उघडं केलं आणि त्यावर बारीक तारा सोल्डर केल्या. तारांची दुसरी टोकं प्लायवूडच्या पेटीत गेली. पेटीवर मुठीत मावेल अशी उभी दांडी, दांडीच्या बुडाशी चारी बाजूंना स्विच, आणि पायाखाली दाबायला एक मोठं बटण.

पक्षाघाताच्या झटक्याने दादाचा डावा हात गेला होता. कंट्रोलर धरायला दोन हात लागतात, ह्या पेटीला एक हात आणि एक पाय पुरे.

खरा घोर हाताचा नव्हताच. हात गेला तो गेला, आता डोक्याकडे लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. अशा झटक्यानंतर काहींना डावं-उजवं कळेनासं होतं. दादाने ते ऐकलं होतं. अख्ख्या बाजाराचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारा माणूस तो. कुणाच्या यंत्रात उलटीसुलटी तार जोडून बसण्यापेक्षा दुकानाची पायरी न चढलेली बरी, असं तो वहिनीला म्हणाला होता. आणि मग जेवताजेवता त्याने स्वतःच ठरवून टाकलं: गाडीच्या खेळातली वळणं जमली, तर सोमवारी दुकान उघडतो.

धाकटीने कसूर ठेवली नाही. एकेक टाका मीटरने तपासला. तळ लावायच्या आधी पेटीत हात घालून डाव्या बाजूचा स्विच बोटाने दाबला, पडद्यावरची गाडी डावीकडे गेली. उजव्या बाजूचा दाबला, गाडी उजवीकडे गेली. दांडीला मात्र ती शिवली नाही. तिच्यावरचा लाल गोळा तिने सगळ्यात शेवटी बसवला. पहिला हात दादाचा, असं तिने मनाशी धरलं होतं.

वहिनीने दादाला खुर्चीत नीट बसवलं, पाठीशी उशी सरकवली. दादाने पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कड घासलीस की. सुधारलीस म्हणायची."

"इतकी वर्षं तुझी बोलणी खाल्ली, न सुधारून सांगते कुणाला?"

दादाने पाय दाबला. गाडी निघाली. सरळ रस्ता छान पार पडला. वहिनी तर हसायलाही लागली. मग उजवं वळण आलं. दादाने दांडी उजवीकडे ढकलली आणि गाडी डावीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली.

सावकाश घ्या, वहिनी म्हणाली. दुसऱ्यांदा त्याने सावकाश घेतलं. वळण दिसताच शाळेतल्या पोरासारखं तोंडाने "उजवीकडे" म्हटलं आणि दांडी उजवीकडे ढकलली. पुन्हा भिंत. तिसऱ्यांदा गाडी आदळली तेव्हा दादा पडद्याकडे बघतच नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

धाकटी पुढे सरकली. आण, तारा बघते, म्हणाली. दादाने पेटीवर तळवा ठेवला.

"मीटर लावून बघितलं होतंस?"

"एकेक तार. स्विचसुद्धा दाबून बघितले."

"मग पेटी बरोबर आहे," दादा म्हणाला. "तुझा टाका मी कधी परत तपासलाय का?"

ते खरंच होतं. ही गोष्ट तो बाजारभर सांगत फिरायचा.

त्याने बटणावरचा पाय काढून घेतला. "झक्क झालीय. कुणाला तरी दे," म्हणाला आणि वहिनीला दिवा मालवायला सांगितलं.

सोमवारी दुकान धाकटीने उघडलं. दादा आधी रस्ता ओलांडताना डावं कुठलं, उजवं कुठलं ते विचारू लागला, मग घराबाहेर पडेनासा झाला. चपला घालायची वेळ आली की गुमान वहिनीपुढे पाय करायचा. माणसं त्याच्याशी मोठ्याने आणि तोडून तोडून बोलू लागली, आणि तो मान डोलवायचा. दोन हजार एक साली तो गेला.

पुढच्या वर्षी अशा खेळांचा जुना नाद असलेल्या एका बस कंडक्टरने धाकटीकडून तशीच पेटी करून घेतली. दुकानातच त्याने दांडी पुढे ढकलली, तर पडद्यावरचा पैलवान मागे पळाला. कंडक्टर खो खो हसला. पेटी उघडून त्याने तिला दाखवलं: दांडी वरून उजवीकडे ढकलली की तिचं खालचं टोक डावीकडे जातं, आणि दाबला जातो तो डावा स्विच. म्हणून तारा उलट्या बाजूला जोडायच्या.

"एवढं काय मनाला लावून घेता, ताई. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

धाकटीने तारांची अदलाबदल केली. कंडक्टरपुढचा चहा निवायच्या आत काम झालं.

कंडक्टर पुढे निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला. धाकटीला आता जाड चष्मा लागतो, पण पेट्या ती अजून करते. तिच्याकडची पेटी लोक लांबून येऊन नेतात. वहिनी तिच्याच घरी असते. दादाची पेटी कपाटावर आहे, ती वहिनी रोज पुसते आणि गिऱ्हाईक आलं की खाली काढून दाखवते.

"हिने जीव ओतून केली हो ह्यांच्यासाठी," वहिनी सांगते. "पण ह्यांनाच डावं-उजवं कळेना."

धाकटी वर बघत नाही. हातातल्या नव्या पेटीची दांडी उजवीकडे ढकलते आणि पडद्याकडे बघते.